‘मला जमत नाही’ म्हणण्याआधी

(शहादा येथे महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या एक दिवसाच्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

मागे भिंतीला टेकून बसलेल्या मुलींनी जरा पुढे सरका. पुढे जागा आहे. मागे बसायची सवय आपल्याला शाळेपासून लागते आणि मग ती जात नाही. मी पण मागेच बसायची.

सकाळी तुम्हाला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. नाव लिहू नका, अक्षर ओळखू येईल असं वाटलं तर डाव्या हाताने लिहा, पण शिकताना काय खुपतं ते लिहा, असं सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्या सगळ्या वाचल्या. मला विषय दिला होता ‘विद्यार्थिनी आणि आत्मविश्वास’. मी भाषणाची टिपणंही काढून आणली होती. चिठ्ठ्या वाचल्यावर ती टिपणं पिशवीत ठेवून दिली. आज या चिठ्ठ्यांवरच बोलू.

काही वाचून दाखवते. “वर्गात सर विचारतात तेव्हा उत्तर येत असतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही.” “अभ्यासाला बसलं की अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी येते.” “घरी म्हणतात, या वर्षी नापास झालीस तर लग्न.” “सगळ्या मला सवलतीवाली म्हणतात.” “मला सिकलसेल आहे, रूममधल्या मुलींना सांगितलेलं नाही.” आणि एक चिठ्ठी अशी आहे, “शिबिर झाल्यावर मी घरी जाणार आहे. परत येणार नाही.” त्या चिठ्ठीकडे मी शेवटी येईन.

या चिठ्ठ्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं. ‘मला जमत नाही.’ हे वाक्य मी चांगलं ओळखते, कारण ते मी तीन वर्षं उराशी बाळगलं होतं. म्हणून आधी माझंच सांगते.

मी १९८४ साली अकरावीला शहाद्यात आले. तेव्हा आपला भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. आईबाप दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायचे. आमच्या घरातून दहावी पास झालेली मी पहिली. गावात पेढे नाही, गूळ वाटला होता. वसतिगृहात राहायची सोय झाली. पहिले दोन महिने बरे गेले. मग काय झालं ते मलाच कळेना. पायऱ्या चढताना धाप लागायची. पुस्तक उघडलं की ओळी एकमेकींत मिसळायच्या. पाळीच्या दिवसांत तर उठवत नसे. वसतिगृहाच्या बाई म्हणायच्या, “खाऊन खाऊन झोपा काढायला आलीस काय?” मुली हसायच्या. मीही हसायची. आणि रात्री मनाशी म्हणायची, बाई खरंच बोलतात. मी मठ्ठ आहे. दहावी कशीतरी निघाली, ते नशीब होतं. आता खरं काय ते बाहेर पडलं.

१९८६ साली मी बारावी नापास झाले. कुणी घालवून दिलं नाही, मीच पेटी उचलून घरी गेले. दोन वर्षं मिरची तोडली, कापूस वेचला. मग बायकांच्या एका आरोग्य शिबिरात बोटातून रक्त काढून तपासलं. काचेच्या नळीत रंग बघतात तसली तपासणी होती. सहा निघालं. निदान बारा असायला पाहिजे, माझं सहा. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “तू चालत आलीस? इतक्या रक्तावर उभी कशी राहतेस?” माझ्याकडे असं कौतुकाने कुणी पहिल्यांदाच बघितलं असेल. चार-पाच महिने गोळ्या घेतल्या, जंताचं औषध घेतलं. डोकं हळूहळू साफ झालं. पुढे बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाले.

मला राग कशाचा येतो सांगू? नापास झाल्याचा नाही येत. रक्त कमी होतं आणि मी अक्कल कमी आहे असं समजून बसले, त्याचा येतो. तीन वर्षं मी स्वतःला चुकीच्या नावाने हाक मारली.

म्हणून आज माझं एकच सांगणं आहे. ‘मला जमत नाही’ म्हणायच्या आधी त्या वाक्याची गाठ सोडवून बघा. त्यात काय काय आहे? रक्त किती आहे, पोट किती भरतं, झोप किती होते, धडा कुठल्या भाषेत आहे, अपमान कुणी केला, पैसे कुठे अडले? हे सगळं वेगळं करून बाजूला ठेवा. मग उरेल ती तुमची खरी अडचण. ती बहुतेक वेळा फार लहान असते.

जेवणाच्या वेळी मी चिठ्ठ्यांचे ढीग केले. एकेक ढीग घेऊ.

सगळ्यात मोठा ढीग शरीराचा निघाला. थकवा, चक्कर, डोकं दुखणं, अंगावरून जास्त जाणं, लक्ष न लागणं. २०१९ ते २१ मध्ये देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी १०० तल्या ५७ जणींना रक्त कमी असल्याचं निघालं. महाराष्ट्रात ५४. म्हणजे या खोलीतल्या निम्म्या मुलींना अभ्यासाचा नव्हे, रक्ताचा प्रश्न असू शकतो. १२ च्या खाली रक्त गेलं की कमी, ८ च्या खाली गेलं की फारच कमी, हे आकडे पाठ करा. किती मुलींनी या वर्षी रक्त तपासलं? हात वर करा. बघा. आणि इंग्रजीची चाचणी किती जणींनी दिली? सगळ्यांनी.

तपासणी सरकारी दवाखान्यात होते. गोळ्याही मिळतात. गोळीने संडास काळी होते, मळमळतं, म्हणून आपण ती टाकून देतो. काही खाऊन झाल्यावर घ्या, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. आणि आपल्यातल्या कितीतरी मुलींचा सकाळचा नाश्ता म्हणजे फक्त चहा-बिस्कीट.

पण नुसत्या गोळीचं सांगून थांबले तर मी अर्धंच बोलले. रक्त कमी का होतं? आपण घरी भाऊ आणि बाप जेवल्यावर जेवतो. वसतिगृहात आलो तरी ती सवय सुटत नाही. २०१८ साली सरकारने आदिवासी विकास विभागाच्या बऱ्याच वसतिगृहांतली खानावळ बंद केली आणि जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरवलं. त्याविरुद्ध मुलंमुली पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती, ते तुमच्या आधीच्या मुलींना आठवत असेल. खात्यात पैसे म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. पण मुलीच्या खात्यात पैसे आले की तिला घर दिसतं. धाकट्या भावाची फी दिसते, आईचं औषध दिसतं. ती एक वेळ जेवते आणि उरलेले घरी पाठवते. आणि पैसे उशिरा आले तर एक वेळचंही उधारीवर. मग ती पुस्तकासमोर बसते आणि म्हणते, माझं लक्ष लागत नाही. पोटात काही नसताना कुणाचं लक्ष लागेल?

दुसरी चिठ्ठी सिकलसेलची. ज्या मुलीने लिहिली तिला माझा नमस्कार. लिहायला धाडस लागतं.

आपल्या सातपुड्यात भिल, पावरा समाजात हा आजार फार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण तो काय आहे हे नीट कुणी समजावत नाही. कार्ड हातात देतात, पुढचा नंबर बोलावतात. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या वाकतात, आपल्या विळ्यासारख्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात. मग हाडं दुखतात, सांधे दुखतात, ताप येतो, कावीळ झाल्यासारखं होतं. आईबाप दोघांकडून हा गुण आला तर आजार. एकाकडूनच आला तर ती मुलगी वाहक, तिला सहसा काहीच त्रास नसतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा आजारी मूल होण्याचा संभव असतो. म्हणजे बापाचा वाटा आईइतकाच. पण दोष कुणाच्या पदरात पडतो? “हिच्या रक्तात खोट आहे.” म्हणून मुली कार्ड लपवतात. सांगितलं तर लग्न मोडेल, लपवलं तर दुखणं एकटीने सोसायचं. लग्न ठरवताना एकट्या मुलीचं रक्त बघून चालणार नाही. दोघांचं बघा.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गटात एक मुलगी यायची. हुशार. थंडी पडली की तिची कंबर, गुडघे दुखायचे. ती म्हणायची, “ताई, नाही जमत. सोडते कॉलेज.” आणि मी, चळवळीतली बाई, तिला काय म्हणाले? “हिंमत ठेव. आपण बायांनी अशी कच खाल्ली तर कसं?” दोन वेळा म्हणाले. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. पुढे कळलं, तिला सिकलसेल होता. मी तिला हिंमतीचं व्याख्यान दिलं, दवाखान्यात नेलं नाही. मागे ती शहाद्याच्या बसस्टँडवर भेटली. ऊसतोडीला गुजरातेत निघालेली, कडेवर पोर. माझ्याशी हसून बोलली, तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून ‘हिंमत ठेव’ हे शब्द मी जपून वापरते. ते औषध नाही.

आता जगात हा आजार पहिल्यांदा कुणात नोंदला गेला, ते ऐका. तोही विद्यार्थी होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा काळा तरुण. १९०४ साली दातांचा डॉक्टर व्हायला अमेरिकेत शिकागोला गेला. तिथल्या थंडीत आजारी पडला. डिसेंबरात दवाखान्यात आला तेव्हा अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या तरुण डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पेशी लांबट, वाकड्या दिसल्या. पुढची दोन-अडीच वर्षं तो पुन्हा पुन्हा आजारी पडत राहिला, आणि शिकत राहिला. १९०७ साली त्याने पदवी घेतली, गावी परतला, दवाखाना टाकला. १९१० साली आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी त्या रक्ताबद्दल लेख लिहिला. तो लेख जगभर गाजला, पण त्यात नोएलचं नाव नव्हतं. नोएल १९१६ साली न्युमोनियाने गेला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

ही गोष्ट ‘बघा, तो शिकला, तुम्हीही शिका’ म्हणून सांगत नाही. त्याच्या वेळी आजाराला नावसुद्धा नव्हतं. आपल्याकडे नाव आहे, तपासणी आहे, औषध आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारने सिकलसेलची देशव्यापी मोहीम सुरू केली, आदिवासी भागातल्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं. तरी आपली मुलगी दुखणं लपवून वर्गात बसते आणि स्वतःला आळशी समजते, हे कसं चालेल?

आपल्याला आनंदीबाई जोशींची गोष्ट पण अशीच सांगतात. १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, पहिल्या. आपल्या सगळ्यांना त्यांचा अभिमान आहे. पण लहानपणी अभ्यासासाठी नवऱ्याने मारलं, लाकडाने मारलं, हे त्यांनीच पुढे पत्रात लिहून ठेवलंय. परदेशात थंडी, परक्या अन्नाची आबाळ, आजारपण. परत आल्या त्या खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. मायदेशी डॉक्टर म्हणून काम करायला त्यांना आयुष्य मिळालं नाही. आपण त्यांच्या चिकाटीचे धडे देतो. मला वाटतं, त्यांच्या अंगातल्या तापाचा धडा पण द्यायला पाहिजे. बाईने शिकायचं तर देह झिजवूनच शिकायचं, या कौतुकाला आपण आता हात जोडावेत.

सिकलसेल असलेल्या मुलीने काय सांभाळायचं? भरपूर पाणी प्यायचं. थंडीत अंग झाकायचं. ताप अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, डॉक्टरला विचारून. दुखण्याचे झटके कमी करणारं औषध मिळतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, मध्ये न सोडता घ्यायचं. आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार धरलेला आहे. प्रमाणपत्र काढा. परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, पण तो फॉर्म भरायच्या वेळी मागावा लागतो, पेपरच्या दिवशी नाही.

आता ‘भरपूर पाणी प्या’ म्हणणं सोपं. तुम्ही पाणी का पीत नाही, ते मला माहीत आहे. कारण संडासाला दार नाही, दार असलं तर कडी नाही, कडी असली तर पाणी नाही. मुली सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत घोटभर पाणी पिऊन बसतात. पाळीच्या दिवसांत तर येतच नाहीत आणि हजेरी कमी भरते. मग नोटीस येते, “अभ्यासात रस नाही.” संडासाच्या कडीचा आणि परीक्षेच्या निकालाचा असा संबंध आहे. तो प्राचार्यांना सांगायला पाहिजे. एकटीने सांगाल तर लाज वाटेल, वीस जणी गेलात तर ते निवेदन होतं.

तिसरा ढीग भाषेचा. तुमच्यातल्या कितीजणी घरी भिली बोलतात, पावरी बोलतात, अहिराणी बोलतात? पहिलीला आलात तेव्हा मराठी ही परकी भाषा होती. ती शिकलात. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलात. अकरावीला सायन्स घेतलं तर पुस्तक एकदम इंग्रजीत. म्हणजे तुम्ही तिसऱ्या भाषेत शिकताय. ज्या मुलाच्या घरात दोन पिढ्या पुस्तकं आहेत, तो पहिल्या-दुसऱ्या भाषेत शिकतोय. दोघांना तोच पेपर. आणि तुम्हाला वाटतं, त्याचं डोकं चांगलं.

मागे एका मुलीला मी विचारलं, काय अडतं? म्हणाली, “ऑस्मॉसिस. चार वेळा पाठ केलं, चार वेळा विसरलं.” मी म्हटलं, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की काय होतं? म्हणाली, पाणी सुटतं. का सुटतं? थोडा विचार करून तिने बरोबर सांगितलं, बाहेर मीठ जास्त म्हणून आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. मी म्हटलं, झालं की मग. तुला ऑस्मॉसिस लोणच्यापासून येतं. न येणारा फक्त शब्द आहे. शब्द शिकता येतो. एका वहीत इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि आपल्या बोलीतलं उदाहरण, असे तीन रकाने करा. आणि पाच पानं वाचली की पुस्तक मिटा आणि शेजारच्या मुलीला आपल्या बोलीत समजावून सांगा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून सांगितलेलं जास्त टिकतं. आणि पहाटे तीनला उठून जागू नका. झोपेतच वाचलेलं डोक्यात बसतं. जागरणाने पुस्तक संपतं, लक्षात राहत नाही.

चौथा ढीग अपमानाचा. “सवलतीवाली.” या एका शब्दाने मुली वर्षभर गप्प बसतात. प्रश्न विचारला तर म्हणतील, हिला एवढं पण येत नाही. नाही विचारला तर खरंच येत नाही. राखीव जागा ही कुणाची मेहरबानी नाही, घटनेने दिलेला हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शंभरात एकोणसत्तर लोक आदिवासी, आणि साक्षरता चौसष्ट टक्के, सगळ्या महाराष्ट्रात कमी. जिथून तुम्ही चालत आलात ते अंतर आधी मोजा, मग मार्क मोजा.

अपमान ही साधी गोष्ट समजू नका. आपल्या शेजारच्या जळगावची डॉ. पायल तडवी. तडवी भिल समाजातली. मुंबईत स्त्रीरोगाचं पुढचं शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिने आपलं जीवन संपवलं. वरच्या वर्गातल्या तीन डॉक्टर जातीवरून तिचा छळ करत, असा आरोप तिच्या घरच्यांनी केला, आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला. न्याय काय तो न्यायालय करील. मला तिच्या आईबद्दल सांगायचंय. मुलगी गेल्यावर आबेदाताई तडवी घरात बसून राहिल्या नाहीत. हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आईला, राधिकाताईंना, बरोबर घेऊन त्या त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणं काय? कॉलेजांत जातीवरून होणारा छळ थांबवायची खरीखुरी व्यवस्था करा. दोन आयांनी आपल्या दुःखाचं मागणं केलं. जिला त्रास होतोय तिने तो सोसत राहू नये, आणि जिला दिसतोय तिने गप्प राहू नये, एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करू. कुणी टोचून बोललं तर तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं, वहीत लिहून ठेवा. लिहिलेलं नाकारता येत नाही.

आणि ज्या मुलीला रात्री असं वाटतं की आपण नसलेलंच बरं, तिने ते मनात ठेवू नये. शेजारच्या मुलीला उठवा. मला उठवा. १४४१६ हा सरकारचा फोन आहे, टेलिमानस म्हणतात, रात्री-बेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर वसतिगृहाच्या भिंतीवर लिहा. आणि दुसरीच्या तोंडून असं काही ऐकलं तर ‘नाटक करते’ म्हणू नका. तिला एकटी सोडू नका, मोठ्या माणसाला सांगा. ते चुगली करणं नव्हे.

शेवटचा ढीग घरचा. “नापास झालीस तर लग्न.” त्यात होळी आणि परीक्षा जवळजवळ येतात. सातपुड्यात होळीएवढा सण नाही. घरून निरोप येतो, सगळ्या आल्या, तूच नाहीस. गेलं तर अभ्यास बुडतो, नाही गेलं तर ‘शिकून शेफारली’. मी सांगत नाही की जाऊ नका. ढोल ऐकल्याशिवाय मला पण करमत नाही. पण आईला आधी सांगा, परीक्षा अमुक तारखेला, एक रात्र येईन. आईला वेळापत्रक कळत नाही असं आपण धरून चालतो. पेरणीचं वेळापत्रक जिला कळतं, तिला परीक्षेचं का कळणार नाही? आणि नापास होण्याबद्दल एवढंच, की मी झाले होते. फेरपरीक्षा असते. विषय राहतो, आयुष्य राहत नाही.

मैत्रिणींनो, हे शहादा आहे. अंबरसिंग महाराजांचं शहादा. १९७२ साली इथे श्रमिक संघटना उभी राहिली, सावकारांनी बळकावलेल्या जमिनी मागितल्या. त्या लढ्यात इथल्या भिल बाया उतरल्या. पुढे त्यांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, नवऱ्यांच्या मारहाणीचा जाब विचारला. त्यांतल्या बहुतेकींना सही येत नव्हती. त्यांतल्या काही म्हाताऱ्या झालेल्या बायांकडून मी ऐकलंय, पहिल्या बैठकीत त्या पण पदर तोंडावर घेऊन मागे बसल्या होत्या. “आम्हाला काय कळतं?” म्हणत होत्या. तुमचं ‘मला जमत नाही’ आणि त्यांचं ‘आम्हाला काय कळतं’ या सख्ख्या बहिणी आहेत. तो संशय कुणी भाषण करून घालवला नाही. एकीने सांगितलं, नवरा मारतो. दुसरी म्हणाली, माझा पण. तिसरी म्हणाली, माझा पण. तेव्हा कळलं की हे आपल्या एकटीच्या नशिबाचं नाही. संशय गेला तो असा, मोजून मोजून.

म्हणून जाण्याआधी चार गोष्टी ठरवू. एक, येत्या पंधरा दिवसांत इथल्या प्रत्येक मुलीने रक्त आणि सिकलसेल दोन्ही तपासायचं, एकटीने नाही, गटाने जायचं. सिकलसेलची पहिली तपासणी बोटाच्या रक्ताची असते. तिच्यात आहे निघालं तर घाबरायचं नाही, वाहक की आजारी ते पुढच्या तपासणीत कळतं, ती केल्याशिवाय थांबायचं नाही. दोन, प्रत्येक वसतिगृहात रात्री तासभर बोलीतून अभ्यास. जी एका विषयात बरी, तिने तो सांगायचा. तीन, संडास, पाणी आणि वेळेवर जेवणाचे पैसे, यांचं निवेदन सगळ्यांच्या सह्यांनी प्राचार्यांकडे आणि प्रकल्प कार्यालयात द्यायचं, आणि पोच घ्यायची. पोच विसरू नका. चार, दोन दिवस वर्गात न दिसलेल्या मुलीकडे कुणीतरी जायचं. विचारायला जायचं, उपदेश करायला नाही.

आता ती चिठ्ठी. “शिबिर झाल्यावर मी घरी जाणार आहे. परत येणार नाही.”

बाई, तू कोण आहेस मला माहीत नाही, आणि इथे सगळ्यांसमोर हात वर कर असं मी म्हणणार नाही. मी तुला ‘हिंमत ठेव’ पण म्हणणार नाही. घरी जावंसं वाटत असेल तर जा, आईजवळ दोन दिवस झोप. पण जाण्याआधी एवढं कर. नाव काढू नकोस, दाखला मागू नकोस. मी आज रात्री इथेच आहे, उद्या सकाळी आपण दोघी दवाखान्यात जाऊ. बोटाला सुई टोचेल, बाकी काही नाही. रक्त बघू, दुखतं कुठे ते बघू, पैसे अडले असतील तर कुठे अडले ते बघू. हे सगळं बघून झाल्यावरही तुला वाटलं की शिकायचं नाही, तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन. तो तुझा निर्णय असेल. पण अंगातलं रक्त कमी आहे म्हणून तू डोक्याने कमी आहेस असं समजून जाऊ नकोस. मी तशी गेले होते. त्या दोन वर्षांतली मिरचीची आग अजून हाताला आहे.

चहा झाल्यावर मी मागच्या व्हरांड्यात बसते. यायचं तर ये. मैत्रिणीला घेऊन आलीस तरी चालेल.